दुसऱ्या मजल्यावरची कैदाशीण

कोर्टाच्या इमारतीत दुसरा जिना चढून डावीकडे वळलं की सरकारी वकिलांचं कार्यालय लागतं. तिथल्या शेवटच्या खोलीत ज्या बाई बसतात, त्यांना आरोपी, आरोपींच्या आया आणि आरोपींचे वकील ‘कैदाशीण’ म्हणतात. हे त्यांना ठाऊक आहे. एकदा त्यांचा लिपिक माझ्यासमोर तो शब्द चुकून बोलून गेला आणि जीभ चावून उभा राहिला, तर बाई फायलीतून डोकं वर न काढता म्हणाल्या, “लाजतोस काय? अर्धं आयुष्य गेलं माझं, हे नाव कमावण्यात.”

माझ्या लेकीला तिच्या नवऱ्याने मारलं, म्हणून आमची त्यांच्याशी गाठ पडली. त्यांच्या घराच्या खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाईंनी आरडाओरडा ऐकून पोलिसांना फोन केला, पोलिसांनी त्याला नेलं. कोर्टाने जामिनावर सोडताना अट घातली की खटला संपेपर्यंत तिच्या आसपास फिरकायचं नाही. लेक एक बॅग घेऊन आमच्याकडे आली. मी दाराची कडी दहादा तपासायला लागले.

पहिल्या दिवशी मी तिच्यासोबत आत शिरले आणि तिच्या आधी बोलायला सुरुवात केली. बाईंनी चष्म्यावरून बघितलं.

“आई, तुम्ही बाहेर बसा.”

“अहो, पण ती बोलायची नाही. मी सांगते ना सगळं.”

“तुम्हाला मारलं का त्याने?”

“मला? नाही.”

“मग बाहेर.”

मी बाहेर बसले. राग आला होता, पण कान दाराला लावून होते. आतून बाईंचा आवाज जवळजवळ येतच नव्हता. लेकीचा मात्र येत होता, आधी अडखळत, मग सलग. मला तिने जे कधी सांगितलं नव्हतं ते ती या परक्या बाईला सांगत होती. दारामुळे शब्द कळत नव्हते, आणि आज वाटतं, बरंच झालं.

खोली साधीच. लोखंडी कपाटं, एक किटली, पोरांसाठी रंगीत खडूंचा डबा. तक्रारदार बाईची खुर्ची मात्र भिंतीला टेकून, दाराकडे तोंड करून ठेवलेली. “पाठीशी दार असलं की यांचं अर्धं लक्ष मानेवर असतं,” बाईंनी मला पुढे कधीतरी सांगितलं. त्या स्वतः दाराकडे पाठ करून बसतात. टेबलाखाली त्यांच्या सपाता असतात; कोर्टात जायची वेळ झाली की त्या काढून बूट चढवायचे. चष्मा डोक्यावर ठेवून त्या तो ड्रॉवरमध्ये शोधतात. आणि घरून सासूबाईंचा फोन आला की ही एवढी जबरदस्त बाई मांजरीच्या आवाजात म्हणते, “हो आई. आणते आई. नाही विसरत, आई.” लिपिक तेव्हा खिडकीबाहेर बघतो.

या कार्यालयाची एक पद्धत आहे. बाकीचे खटले एका वकिलाकडून दुसऱ्याकडे जातात. घरातल्या मारहाणीचे जात नाहीत. ज्या वकिलाने तक्रारदार बाईचं पहिलं ऐकलं, त्यानेच निकालापर्यंत न्यायचं. “नाहीतर प्रत्येक नव्या तोंडापुढे तीच जखम उघडून दाखवायची,” लिपिक म्हणाला. ही पद्धत बाईंनीच भांडून सुरू करवली होती.

थोडे दिवस बरे गेले. मग विहीणबाईंचे फोन सुरू झाले. त्यांना फोन करायला कुणी मनाई केलेली नव्हती. माझ्या मुलाची नोकरी जाईल गं. एकदा हात उठला म्हणून कुणी आयुष्यातून उठवतं का. तुझ्या एका शब्दाचा प्रश्न आहे. लेक ऐकून घ्यायची आणि फोन ठेवल्यावर भिंतीकडे बघत बसायची. एका सकाळी केस विंचरता विंचरता म्हणाली, “आई, मी तक्रार मागे घेते.”

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. खटला संपला की जामिनाची अटही संपणार. म्हणजे तो मोकळा, आणि ती परत त्याच घरात. पुढच्या वेळी शिवणवाल्या बाई घरी नसल्या तर? मी तिच्या हातातला कंगवा घेतला आणि तिची वेणी घालायला लागले. बोलले असते तर ओरडले असते.

त्या दिवशी लेकीनेच सांगितलं म्हणून बाईंनी मला आत बसू दिलं.

“मी जिन्यावरून पडले होते,” लेक जमिनीकडे बघत म्हणाली. “तसं लिहून घ्या.”

“ते नाही लिहिणार,” बाई म्हणाल्या. “ते खरं नाही, आणि खोट्याचं ओझं उद्या तुझ्याच डोक्यावर येईल. तुला हा खटला नकोय, हे मात्र लिहिते. हे खरं आहे ना?”

“हो.”

“ठीक. लिहिलं. आता ऐक. हा खटला तुझा नाहीच मुळी. सरकारचा आहे. चालवायचा की नाही हे मी ठरवते, आणि मी चालवणार आहे.”

“म्हणजे... बंद नाही होणार?”

“नाही.”

“मी बंद करा म्हटलं तरी?”

“टाहो फोडलास तरी.”

“मी पाया पडले तरी?”

“पाया पडू नकोस, सपाता जुन्या आहेत.”

मला वाटलं, आता ही रडणार. पण लेकीचे खांदे हळूच खाली आले. इतके दिवस ते कानांपर्यंत चढलेले होते, हे मला ते उतरल्यावर कळलं. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिला खटला नको होता असं नाही. तो चालू ठेवणारी आपण असणं, हे तिला नको होतं.

“आता सासूचा फोन आला की काय सांगशील?” बाईंनी विचारलं. “सांग, मी जाऊन आले, मागे घ्या म्हणाले, पण ती बाई ऐकत नाही. यात एक अक्षर खोटं नाही. बाकी सगळं माझ्यावर ढकल. देऊ देत मला शिव्या.”

बाहेर आल्यावर लिपिकाने मला हळूच सांगितलं. बाई नव्या वकील होत्या तेव्हाची गोष्ट. एका बाईला त्यांनी भर कोर्टात, नवरा समोर उभा असताना, विचारलं होतं, ‘तुम्हाला खटला पुढे न्यायचा आहे का?’ ती नाही म्हणाली. दुसरं काय म्हणणार? खटला संपला. ती पुन्हा आली तेव्हा तिचा जबडा तारेने बांधलेला होता. “त्यानंतर तो प्रश्न बाईंनी कुणालाही विचारलेला नाही,” लिपिक म्हणाला.

पुढच्या तारखेला आम्ही तिघं गेलो, लेक, मी आणि आमचे हे. हे बँकेतून निवृत्त झालेले, स्वभावाने अबोल. घटना घडल्यापासून तर तोंडाला कुलूपच. कॉरिडॉरच्या त्या टोकाला जावई त्याच्या वकिलाजवळ उभा होता. त्याने अंतर राखलं होतं. विहीणबाई मात्र सरळ आमच्या बाकाकडे आल्या.

“सांगितलंस का गं त्यांना?”

“सांगितलं. ऐकतच नाहीत त्या,” लेक म्हणाली. “खटला सरकारचा आहे म्हणतात.”

“असं कसं? तू हट्ट धरून बसायचं ना.”

“मी पाया पडायला निघाले होते, आई.”

विहीणबाईंचा विश्वास बसत चालला होता. मला तो त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. आणि तेवढ्यात आमच्या ह्यांचं कुलूप उघडलं.

“कशाला खोटं बोलतेस?” हे उभेच राहिले. “माझी मुलगी कुणाच्या पाया-बिया पडत नाही! खटला तीच लढवणार. तीच उभी राहणार पिंजऱ्यात आणि तीच सांगणार सगळं!”

इतक्या दिवसांचं साचलेलं प्रेम एका दमात बाहेर पडलं, ते नेमकं तिथे. विहीणबाईंनी लेकीकडे बघितलं. “अस्सं. म्हणजे तूच आहेस तर.” आणि त्या टोकाला जावयाने मान वळवली. ती नजर मी विसरणार नाही. हे मात्र छाती काढून उभे, जसं काही मैदान मारलं.

मी धावत आत गेले आणि बाईंना घडलेलं सांगितलं. त्यांनी क्षणभर डोळे मिटले.

“काय करतात तुमचे यजमान?”

“बँकेत होते. आता निवृत्त.”

“बोलायचं खातं नव्हतं वाटतं.”

त्यांनी सपाता काढल्या, बूट चढवले आणि दार धाडकन उघडून कॉरिडॉरमध्ये गेल्या. मग जो आवाज लागला, तो खालच्या मजल्यावर गेला असेल.

“कोण म्हणतंय खटला ही लढवणार? तुम्ही? तुम्ही कोण ठरवणारे?” हे एकदम खाली बसले. “आणि तू गं, परवा येऊन मागे घ्या म्हणालीस, घेतलं का मी? नाही घेतलं! तू तोंड उघड नाहीतर मिट, माझं काही अडत नाही. खालच्या शिवणवाल्या आहेत, डॉक्टर आहेत, पोलिसांनी काढलेले फोटो आहेत, त्यांनी पोलिसांना केलेल्या फोनचं रेकॉर्डिंग आहे. हिला साक्षीला बोलवायचं की नाही ते मी ठरवणार. इथे मला कुणी काम शिकवायचं नाही!”

लेकीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. माझ्या ओठांवर आलं होतं, ‘अहो, जरा हळू.’ तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, बाईंचं तोंड आमच्याकडे होतं आणि आवाज कॉरिडॉरच्या त्या टोकाला. शब्दन्‌शब्द खरा होता. दार आपटून त्या आत गेल्या.

“काय बाई आहे का कोण!” विहीणबाई पुटपुटल्या. आणि चक्क लेकीच्या पाठीवर हात ठेवला. “जाऊ दे. तू तरी काय करणार.”

मी पाण्याची बाटली विसरले म्हणून परत आत गेले, तर बाई खुर्चीत बसून घटाघटा पाणी पीत होत्या. “ओरडायला जमतं,” त्या म्हणाल्या, “पण नंतर धडधडतं.”

त्यानंतर लेकीला फोन आले नाहीत. सगळा मोर्चा बाईंकडे वळला. त्या उर्मट आहेत, पक्षपाती आहेत, अशा तक्रारी वरिष्ठांकडे गेल्या. बाईंनी त्या वाचून कपाटात ठेवल्या. माझा जीव मात्र निकालाच्या दिवसापर्यंत टांगलेलाच होता. साक्षीदार फिरले तर? शिवणवाल्या बाई घाबरल्या तर?

त्या घाबरल्या नाहीत. डॉक्टर बोलले. मग कोर्टात फोनचं रेकॉर्डिंग वाजलं. लेक आत नव्हती, मीही तिच्याजवळ वरच होते. बाईंनी तिला खोलीतल्या त्या भिंतीच्या खुर्चीत बसवून ठेवलं होतं, साक्षीला बोलावलंच नाही. रेकॉर्डिंग संपल्यावर जावयाच्या वकिलाने थोडा वेळ मागितला, आणि थोड्या वेळाने लिपिक जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत आला. “काकू, कबूल केलं त्याने! गुन्हा कबूल केला!”

शिक्षा झाली, ती स्थगित ठेवली. पण काही वर्षं त्याने तिच्या जवळपास यायचं नाही, फोन करायचा नाही, निरोप पाठवायचा नाही. आणि दर आठवड्याला समुपदेशनाला हजेरी लावायची. एक अट मोडली की थेट तुरुंग. मी लिपिकाला ते पुन्हा म्हणायला लावलं. माझा जीव भांड्यात पडला.

खाली उतरताना जिन्यात विहीणबाई भेटल्या. डोळे सुजलेले. मला त्यांची थोडी कीवही आली.

“त्या बाईला काळीज-बिळीज आहे का हो?” त्या म्हणाल्या.

“छे हो. दगड आहे दगड.”

“तुमच्या मुलीने एवढं सांगितलं, तरी ऐकलं नाही.”

“कुणाचंच ऐकत नाहीत.”

त्यांच्याशी इतकं मनापासून माझं कधीच पटलं नव्हतं. तेवढ्यात बाई स्वतःच बगलेत फायली धरून वरून उतरल्या. कपाळाला आठ्या, कुणाकडे बघणं नाही. आमच्या ह्यांचे हात जोडायला वर आले. मी कोपर मारलं. त्यांनी ते हात तसेच मागे घेतले आणि भिंतीवरची सूचना फारच लक्षपूर्वक वाचायला लागले. बाई आमच्या मधून निघून गेल्या. त्यांच्यामागून विहीणबाईही काहीतरी पुटपुटत गेल्या.

“मी एक शब्द बोललो नाही हं,” हे मला अभिमानाने म्हणाले.

लेक हसली. आधी नाकातून, मग मोठ्याने, जिन्याचा कठडा धरून. माणसं वळून बघायला लागली. विहीणबाई ऐकतील म्हणून तिला गप्प करायला मी हात उचलला, आणि तसाच खाली घेतला.