पाहुण्यांचा घोटा

आमच्या गावातली जुनी माणसं आता थोडीच उरलीत, पण जी आहेत ती मला बघितलं की हमखास म्हणतात, "तुझ्या भावानं त्या दिशी गावाचा मान राखला बघ." माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मान राखला म्हणे. कुणाचा आणि कशापायी, हे विचारायची सोय नाही, कारण म्हातारी तिरसट झाली असं म्हणून ती मोकळी होतात. मी तिरसट तेव्हापासूनच आहे.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. आमचं गाव पौडच्या पुढं, मालेच्या अलीकडं, डोंगराच्या कडेला. भात निघालं की खाचरं रिकामी पडायची आणि पोरं त्यात हुतूतू खेळायची. धाकटा भाऊ पौडच्या हायस्कुलात दहावीला होता. माझी शाळा सातवीला सुटली होती. सुटली कसली, सोडवली.

भावाची जागा कोपऱ्यावरची. समोरचा गडी दम धरून आपल्या अंगणात आला की कडेला वाकून, दबा धरून राहायचं. त्याचा पाय जरा पुढं पडला की घोटा धरायचा आणि त्याचा दम सुटेपर्यंत सोडायचा नाही. ऐकायला सोपं आहे, धरून बघा म्हणजे कळेल. त्याची ही पकड तयार झाली ती माझ्या घोट्यावर. संध्याकाळी गुरं बांधली की मी परकर खोचून आमच्या अंगणात रेघ मारायचे, हुतूतू म्हणत त्याच्या अंगावर जायचे आणि तो मला धरायचा. मी काही नाजूक नव्हते. लाथा झाडायचे, फरफटत न्यायचे त्याला. पण एकदा त्याची बोटं बसली की बसली. आई ओरडायची, पोरीच्या जातीला हे शोभतं का. माझ्या पायावरचे काळेनिळे डाग बघून शेजारणीला वाटायचं आप्पा मला मारतात.

आप्पा म्हणजे आमचे वडील. त्यांनी मला कधी बोट लावलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. गावात कुणीही पाहुणा आला की तो आमच्या ओट्यावर यायचा आणि जेवल्याशिवाय जायचा नाही. आप्पांना त्याचा भारी अभिमान.

त्या हिवाळ्यात पुण्यातल्या एका शाळेचे खेळाचे मास्तर खेडोपाडी हिंडून चांगले गडी हेरत होते. पसंत पडला की पोराला शाळेच्या बोर्डिंगात ठेवून घ्यायचे, जेवणखाण, फी सगळं त्यांच्याकडं. आप्पांनी खटपट करून त्यांना आमच्या गावात आणलं. भावाला स्पष्ट सांगून ठेवलं होतं, "पसंत पडलास तर पुण्यात शीक. न्हाईतर फुडच्या वर्षी शाळा बंद, खाचरात उतरायचं."  त्या आठवड्यात भाऊ रोज अंधार पडेपर्यंत मला अंगणातून सोडेना.

मास्तर आपले सात गडी घेऊनच आले. त्यांच्यासमोर उभा करून बघणार होते. खाचरातली ढेकळं फोडून, पाणी मारून, चोपून गावानं मैदान केलं होतं. चुलीतली राख नेऊन मी रेघा आखल्या. खेळ बघायला बायका बांधावर बसणार होत्या आणि मी पाण्याची कळशी घेऊन खाली उभी राहणार होते, एवढी परवानगी मी भांडून मिळवली होती.

आणि मग सुरू झाला पाहुणचार. आधी चहा. मग कोंबडीचा रस्सा, भाकरी, आंबेमोहराचा भात. पाहुणे पुरे म्हणतात आणि आप्पा वाढतात. जेवण झालं तर पानसुपारी. पोरं ताटकळली. शेवटची एसटी दिवस मावळायच्या आत जायची, म्हणून दोन्हीकडच्या गड्यांनी मिळून पहिला डाव सुरू करून टाकला. मास्तर अजून आमच्या ओट्यावर लोडाला टेकून बसलेले. ज्या माणसानं बघायचं, तोच मैदानात नाही.

त्या डावात भाऊ कसा खेळला ते मी सांगते, कारण दुसरं कुणी सांगत नाही. त्यांचा एक उंच, लांब टांगांचा गडी होता. आला की दोघातिघांना शिवून जायचा. भावानं त्याला आपल्या कोपऱ्यात येऊ दिलं, मुद्दाम अंग चोरलं, आणि त्याचा पाय पडला न पडला तोच घोटा धरला. गडी आडवा. रेघेला हात पुरावा म्हणून सापासारखा वळवळला, पण दम सुटला त्याचा. पुन्हा आला, पुन्हा आडवा. तिसऱ्यांदा तो त्या कोपऱ्याकडं फिरकलाच नाही. बांधावरच्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मला वाटलं, झालं, गेला माझा भाऊ पुण्याला.

डाव संपला आणि आप्पा मास्तरांना घेऊन आले. पुण्याची पोरं धुळीनं माखून, तोंडं पाडून बसलेली. आप्पांना कुणीतरी सांगितलं, पाहुण्यांचा पार धुव्वा उडाला. दुसऱ्या बापाची छाती फुगली असती. आमच्या आप्पांचा चेहरा उतरला. ते भावाजवळ आले. मी त्याच्या ओंजळीत पाणी ओतत होते, त्यामुळं मला सगळं ऐकू आलं.

"पाहुणे हायेत," आप्पा हळू म्हणाले. "आपल्या पंगतीला जेवल्यात. असं लोळवायचं नसतं. जरा सबुरीनं घे."

"आप्पा, मास्तर आत्ता बघणार हायेत," मी म्हटलं.

"तुला कोन इचारतंय?"

भावानं पाणी प्यायचं थांबवलं. मान हलवली आणि मैदानात गेला.

दुसऱ्या डावात तो लांब टांगांचा गडी आला. भावानं घोटा धरला, आणि मी बघितलं, त्याची बोटं उघडली. चुकून सुटलं नाही ते. माझ्या पायाला ती बोटं पाठ होती. निसटणं वेगळं आणि सोडणं वेगळं. पुढच्या वेळी तेच. त्याच्या पुढच्या वेळी तेच. पाहुणे जिंकले, गावानं टाळ्या वाजवल्या, आप्पांनी पाहुण्यांच्या गळ्यात झेंडूचे हार घातले. माझ्या हातातली कळशी कुणाच्या तरी डोक्यात घालावी असं मला वाटत होतं.

एसटीच्या थांब्यावर सगळा गाव पोचवायला आला. मास्तर आप्पांना म्हणाले, "मुलगा चपळ आहे हो. पण पकड ढिली. हात लागतो, धरवत नाही. कोपऱ्यावर असा गडी चालत नाही आम्हाला."

आप्पांनी एक वाक्य बोलायचं होतं. मीच त्याला तसं खेळायला सांगितलं, एवढंच. पण तसं म्हणायचं तर पाहुण्यांना आम्ही जिंकू दिलं असं त्यांच्या तोंडावर म्हणावं लागलं असतं. आप्पा हात जोडून उभे राहिले. म्हणाले, "जशी तुमची मर्जी."

मग मीच बोलले. "ढिली न्हाई त्याची पकड. त्यानं सोडलं तुमच्या गड्याला. पैला डाव कसा झाला ते तुमच्याच पोरान्ला इचारा."

 आप्पांनी माझ्याकडं जसं बघितलं, तसं त्यांनी आयुष्यात पुन्हा कधी बघितलं नाही. पुण्याची पोरं आपापल्या पिशव्या चाचपायला लागली.  मास्तर मात्र माणूस वाईट नव्हता. हसला आणि आपला कॅनव्हासचा बूट भावासमोर पुढं केला.

"असं म्हणतेस? मग धर रे. मी पाय सोडवून घेतो. नाही सुटला तर आत्ता माझ्याबरोबर चल."

एसटी धडधडत उभी होती. भावानं आप्पांकडं बघितलं. आप्पांचे हात अजून जोडलेलेच. भाऊ वाकला. मी मनातल्या मनात म्हणत होते, धर, धर, आवळ. त्याचे हात घोट्यापर्यंत गेले. तिथं क्षणभर थांबले. मग त्यानं दोन्ही तळवे त्या बुटावर ठेवले, कपाळ टेकवलं आणि मास्तरांच्या पाया पडला.

गावाचा जीव भांड्यात पडला. मास्तरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "संस्कार चांगले आहेत पोरावर," असं आप्पांना म्हणाले आणि गाडीत चढले. संस्कार. त्या एका शब्दावर माझ्या भावाची शाळा संपली. पुढच्या वर्षी तो खाचरात उतरला तो जन्मभरासाठी, आणि आप्पा मरेपर्यंत ओट्यावर बसून ही गोष्ट कौतुकानं सांगत राहिले.

मी आप्पांना दुष्ट म्हणत नाही. दुष्ट असते तर बरं झालं असतं, मनसोक्त शिव्या तरी देता आल्या असत्या.

त्या संध्याकाळी ओट्यावर हीच वाहवा चालली होती. भाऊ मागच्या अंगणात एकटा बसला होता. मी पायानं रेघ मारली, परकर खोचला आणि हुतूतू म्हणत त्याच्या अंगावर गेले. त्यानं वर न बघता माझा घोटा धरला. मी लाथा झाडल्या, फरफटत रेघेकडं जायला बघितलं, हललेसुद्धा नाही. माझा दम सुटला. दम सुटला की सोडायचं असतं, खेळ संपतो. मी म्हटलं, "सोड आता, दुखतंय." तो मान खाली घालून, दात आवळून रडत होता. आईनं धावत येऊन त्याची बोटं एकेक करून उकलेपर्यंत त्यानं माझा घोटा सोडला नाही.