पडद्याचं काज

गाद्या शिवणाऱ्या बाईला सगळी गल्ली दाभणकाकू म्हणे. दाभण तिच्या हातात असायचं म्हणून, आणि जिभेवरही असायचं म्हणून. शाळा चौथीतच सुटली. पण चाळीस वर्षं कापूस कोंबून दंड असे झाले होते, की घासाघीस करायला आलेलं गिऱ्हाईक आधी तिच्या हाताकडे बघून घेई.

तिची सून फिजिओथेरपी शिकत होती. लेखी परीक्षेत वरचा नंबर आणि तोंडीत नापास. दंडाच्या स्नायूंची नावं घडाघडा म्हणायची, पण कशाच्या खाली काय, असं विचारलं की दातखीळ बसायची. सोमवारी फेरपरीक्षा होती. या खेपेला आपटली तर वर्ष बुडालंच.

"अगं, पोपटासारखं काय घोकतेस? मला सांग, मी शिवते," काकू म्हणाली.

"आई, दंड म्हणजे काय उशी आहे?"

"बाहेर खोळ, आत भराव. उशीत आणखी वेगळं काय असतं?"

लाटण्याचं हाड झालं. त्याच्या दोन्ही बाजूंनी कापडाचा एकेक पडदा काढून काकूनं तो बाहेरच्या खोळीला टाचला. झाले दोन कप्पे. पुढचा कोपर वाकवणारा, मागचा सरळ करणारा. पुढच्यात वर बायसेप्स, मिरवणारा. त्याच्या खाली, हाडाला चिकटून, मुकाट ओझं ओढणारा ब्रेकियालिस.

"हा घरातल्या सुनेसारखा," सून म्हणाली.

"सासूसारखा," काकू म्हणाली. "पुढं बोल."

तिसरा बारका, काखेकडून निम्म्या दंडापर्यंत. मागे एकटा ट्रायसेप्स, पण तीन मुळांचा.

राहिली मागच्या कप्प्याला हुकूम नेणारी नस. तिला पिवळी दोरी घेतली. सुनेनं ती मागच्या कप्प्यात हाडाला वळसा घालून नेली आणि कोपराशी आल्यावर म्हणाली, "आता पुढच्या कप्प्यात टाचा."

काकूचं दाभण थांबलं. "मागच्या खोलीतली दोरी पुढच्या खोलीत आली कशी? पडदा मी गच्च शिवलाय. माझ्या शिवणीतून आजवर कापसाचा पुंजका बाहेर आला नाही."

सुनेनं पुस्तक उघडलं. दहादा वाचलेली ओळ आज पहिल्यांदा दिसली: नस बाहेरच्या बाजूचा पडदा भेदून पुढे येते.

"मग तसं सांग ना! आणि नुसतं भोक पाडून चालत नाही, उसवतं." काकूनं चीर दिली, कडेनं काज केलं आणि दोरी ओवली.

सोमवारी परीक्षक बाईंनी नेमकं तेच विचारलं. घाबरून सुनेच्या तोंडून निघालं, "बाहेरच्या पडद्याला काज आहे, तिथून."

"काज? हे कुणी शिकवलं?"

"सासूबाईंनी. शिवून दाखवलं." मग मात्र ती थांबली नाही. स्वतःच्या दंडावर बोट ठेवत सगळे कप्पे उलगडून आली. पास झाली, तेही चांगल्या मार्कांनी.

तो कापडी दंड आता दुकानात, शिलाई मशीनच्या वर खिळ्याला लटकतो. परवा एका गिऱ्हाइकानं विचारलं, "काकू, हा लोड केवढ्याला?"

काकूनं दोऱ्याचं टोक दातानं तोडलं. "तो विकायचा नाही. दंड आमच्या सुनेचा आहे, आणि काज माझं."