उतारावर बंद पडलेली गाडी आणि पप्पा

गेल्या मंगळवारी चौकहून भाईंदरला येताना उतारावर आमची गाडी बंद पडली... आणि मी अजून धड झोपलेले नाही. म्हणून लिहितेय, निदान डोक्यातून तरी जाईल.

चौक म्हणजे उत्तनजवळचं आमचं मासेमारीचं गाव. मी लग्नानंतर भाईंदर पूर्वेला इंद्रलोकला राहते, मम्मी-पप्पा अजून तिथेच. मम्मीचं डायलिसिस सुरू आहे, त्यासाठी पप्पा तिला स्वतः गाडीतून भाईंदर पश्चिमेला आणतात. तिला दुसऱ्या कोणाच्या भरवशावर पाठवायचं नाही, हा त्यांचा हट्ट.

पप्पांनी जन्मभर बोटीवरचं इंजिन सांभाळलं. सकाळी थंड इंजिन खडखडणारच, गरम झालं की गप्प होतं, मग बोट काढायची... दर्यावरचा हाच नियम त्यांनी गाडीलाही लावला. गेले काही महिने गाडी चालू केली की बोनेटमधून सुटी साखळी हलवल्यासारखा आवाज यायचा. पप्पा बाजूला चहा पीत उभे राहायचे, आवाज थांबला की निघायचे.

मी म्हटलं, गॅरेजला दाखवा. "काय न्हाय गो, थंड हाय म्हणून करतंय," एवढंच उत्तर. वर 'आता ही मला इंजिन शिकवणार' असा चेहरा फुकट!

मंगळवारी मला सुट्टी होती, म्हणून आदल्या रात्रीच चौकला गेले होते आणि सकाळी मीही सोबत निघाले. चहा संपला तरी आवाज थांबेना, डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवाही लागलेला. पण मम्मीची वेळ चुकेल म्हणून पप्पांनी तशीच गाडी काढली... आणि मीही काही बोलले नाही.

उतारावर खाडकन काहीतरी वाजलं, गाडीला गचका बसला आणि इंजिन बंद. स्टिअरिंग जड झालं, ब्रेक लाकडासारखा कडक. पुढे वळण... आणि वळणावरून चढून येणारी बस.

मागच्या सीटवरून मला फक्त मम्मीचं डोकं दिसत होतं. निघाल्यापासून चाललेली तिची रोझरीची, जपमाळेची पुटपुट एकदम थांबली. मी तिची सीट मागून घट्ट धरली. आता संपलं सगळं, एवढंच डोक्यात.

पप्पा ब्रेकवर अक्षरशः उभे राहिले, हँडब्रेक ओढला. गाडी घसरत कडेच्या गवतात जाऊन थांबली. बस हॉर्न वाजवत शेजारून निघून गेली.

 पहिली मम्मीच म्हणाली, "दर्यात न्हाय बुडवलंस, आता डोंगरावर बुडवतंस काय?" मला हसू आणि रडू एकदमच आलं. पप्पा मात्र हसले नाहीत. त्यांची बोटं स्टिअरिंगवरून सुटत नव्हती, मी एकेक करून सोडवली.

नशिबाने रिक्षा मिळाली आणि मम्मीचं डायलिसिस वेळेत सुरू झालं. गाडी टो करून गॅरेजला नेली. इंजिन उघडल्यावर मेकॅनिकने आम्हाला बोलावलं.

"टाइमिंग चेन है. ढीली होके दाँत छोड़ दिया, वॉल्व भी मुड़ गए," तो म्हणाला. म्हणजे इंजिनाचे भाग एका तालात फिरवणारी साखळी ढिली होऊन दातांवरून निसटली होती. इंजिन थंड असताना चेन ताणून धरायला तेलाचा दाब नसतो, म्हणून ती खडखडते. दाब आला की आवाज थांबतो, पण चेन ढिलीच राहते... आणि दिवसेंदिवस आणखी ढिली होत जाते. तेव्हा तुमचीही गाडी सकाळी अशी वाजत असेल तर आवाज थांबायची वाट बघू नका, लगेच दाखवा.

 इतके दिवस मम्मी त्याच सीटवर बसून त्याच उतारावरून ये-जा करत होती, आणि आवाज थांबला की आम्ही निर्धास्त!

परतताना रिक्षात पप्पा नुसते बाहेर बघत होते. त्यांना जरा बोलतं करावं म्हणून मी चिडवलं, "काय पप्पा, वादळातून बोट आणणारा माणूस एवढा घाबरला?"

ते बाहेर बघतच म्हणाले, "दर्यात तुझी मम्मी कुठं असायची माझ्यासंगती?"

 मी घर येईपर्यंत त्यांचा हात धरून बसले. तो हात अजून धरायला होता... देवाचे उपकार.