काळी दोनचे शामसुंदरराव

शामसुंदररावांच्या मते संगीत १९७५ साली संपलं. त्या साली ते पंचवीस वर्षांचे होते, हा निव्वळ योगायोग. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी कॉलेज रोडवर कराओके मंडळ काढलं आणि नियम दोनच केले: पंचाहत्तरनंतरचं गाणं नको, आणि मूळ पट्टी सोडायची नाही.

बायको इंदिराबाई पहिल्या दिवसापासूनची सभासद. गेल्या वर्षी नात ओवीने त्यांना एक नवं गाणं ऐकवलं आणि ते त्यांच्या जिभेवर बसलं. पोळ्या लाटताना म्हणायचं, भाजी निवडताना म्हणायचं. एकदा तरी माइकवर म्हणावं अशी फार इच्छा होती. त्यांनी नवऱ्याला तीनदा विचारलं, तिन्ही वेळा उत्तर एकच आलं, "ह्याला गाणं म्हणतात?" लग्न होऊन आल्या तेव्हा सासरे रेडिओ बंद करताना मुलाला हेच विचारायचे, अगदी ह्याच आवाजात. इंदिराबाईंना राग यायचा, पण त्या गप्प बसायच्या.

गप्प बसण्याची त्यांना सवय होती. मंडळात ट्रॅक लावणाऱ्या मयुरेशला त्या दर दिवाळीला चिवड्याचा डबा द्यायच्या आणि हळूच सांगायच्या, "ह्यांची पट्टी अर्धा सूर उतरव." पाच दिवाळ्यांत शामसुंदररावांचं लाडकं गाणं काळी दोनवरून खालच्या काळी पाचवर आलं. शामसुंदरराव मात्र ऐटीत सांगत फिरत, वय झालं तरी आपला आवाज तसूभर उतरला नाही.

मग एका शनिवारी देवळाली कॅम्पचे खंडेराव, निवृत्त सुभेदार, मयुरेशला म्हणाले की वर जाताना दम लागतो, जरा खाली घे. शामसुंदररावांनी भर सभेत त्यांना झापलं. उतरवूनच गायचं तर घरी न्हाणीघरात गावं म्हणाले. तेवढ्यावर भागलं नाही. मूळ पट्टी काय असते ते दाखवायला रिक्षा करून घरची पेटी आणली, काळी दोन दाबून धरली आणि मयुरेशला आपल्या लाडक्या गाण्याचा ट्रॅक लावायला सांगितलं.

पेटी एकीकडे, ट्रॅक भलतीकडे. मंडळातल्या बहिऱ्यालाही कळलं असतं. मयुरेश केबल गुंडाळू लागला. खंडेराव छताकडे बघत राहिले. शामसुंदररावांनी इंदिराबाईंकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा इतका पडला होता की इंदिराबाईंना खरंच कीव आली.

"पेटीच बिघडलीये," त्या म्हणाल्या. "माळ्यावर सादळली असेल."

"तेच म्हणतोय मी," शामसुंदरराव घाईने म्हणाले.

इंदिराबाई उठल्या, माइक हातात घेतला आणि मयुरेशला ओवीचं गाणं लावायला सांगितलं. नियमांची आठवण कोणी करून दिली नाही. शामसुंदरराव मांडीवर ठेका धरून बसले, तोही चुकीचा. घरी जाताना त्यांनी सगळ्यांना सांगितलं की चाल तशी जुन्या वळणाचीच आहे.

पेटी दुरुस्तीला गेली. चार दिवसांनी दुकानदाराचा फोन आला, पेटीला काहीही झालेलं नाही. फोन इंदिराबाईंनी घेतला.

"असू द्या तुमच्याकडेच," त्या म्हणाल्या. "अजून माझी बरीच गाणी म्हणायची राहिलीयेत."