आईचा आवाज

"हं, काढ बघू आईचा आवाज," सर म्हणाले, आणि टेबलाभोवतीचे सगळे आधीच हसायला तयार होऊन बसले.

मुंबईत एका मालिकेचे संवाद मी लिहायचे. सर मुख्य लेखक. बंगल्यातल्या सासू-सुना त्यांच्याकडे, मोलकरीण माझ्याकडे. कारण मी कोकणातली, लांज्याकडची. वाचनाच्या दिवशी बाकीचे प्रवेश सर बसून वाचत. मोलकरणीचा मी वाचायचा. उभं राहून, आमचा हेल काढून. चॅनेलची माणसं पोट धरून हसली की प्रवेश पास.

आणि मी काय करायचे? आईला फोन लावायचे. ती गुरांचं, भाताचं, शेजारणीशी झालेल्या भांडणाचं बोलायची. मी गुपचूप लिहून घ्यायचे. सरांना ते ठाऊक, तिला नाही. लेक आठवणीनं फोन करते म्हणून ती खूश. त्याची मला आजही लाज वाटते.

एकदा तिनं मालिका पाहिली. फोनवर म्हणाली, "ह्या माजाच बोलना हाय गो. मंग ती बंगल्यातली मानसा हसतात कनाला?"

मी घाईनं फोन ठेवला. आणि दुसऱ्याच दिवशी सरांचं ते 'काढ बघू'.

मी वही मिटली. "तुमच्या आईचा काढा," म्हटलं.

कुणी हसलं नाही. "साधा विनोद कळत नाही तुला," सर म्हणाले. त्याच आठवड्यात सामान बांधलं. आता लांज्यात काजूच्या कारखान्याचं ऑफिस सांभाळते.

परवा लेखकांनी संप पुकारला. पुढारी कोण, तर सर. टीव्हीवर सांगत होते, लेखकाला माणूस म्हणून वागवा. माझं डोकंच सटकलं. पाठोपाठ चॅनेलच्या एका बाईंचा फोन. घरी बसून लिही, कुणाला कळणार नाही, संप मिटला की पडद्यावर तुझंच नाव देऊ. खरं सांगते, सरांची जिरेल म्हणून 'हो' अगदी ओठांवर आलं होतं. पण त्या खोलीत माझ्यानंतर दुसरी कुणीतरी उभी राहून वाचत असणार, आणि आता तीही संपावर असेल. तिच्या पोटावर पाय देणार नाही. बाईंना नाही म्हणून सांगितलं.

मग सरांचा फोन. आवाज गोड. "तुला संपाच्या ग्रुपवर घेतलंय. तुझ्या त्या बोलीत दोन मिनिटांचा व्हिडिओ पाठव ना. लोकांना फार भिडतं ते."

पुन्हा तेच. काढ बघू.

काढला. अंगणात, आईला शेजारी बसवून, आमच्या बोलीत. आधी सांगितलं, मी संपाच्या बाजूची आहे. मग सांगितलं, त्या खोलीत मला रोज उभं करून काय करायला लावलं. सरांचं नाव घेऊन सांगितलं. आणि व्हिडिओ सरांना न पाठवता थेट ग्रुपवर टाकला.

पाच मिनिटांत सरांचा फोन. "आधी काढून टाक तो. संपात फूट पडेल."

"नाय काडनार," मी म्हटलं. "उद्या मुंबयला संपाच्या सभेत येनार हाय मी. माईक तयार ठेवा."

या वेळी कोण हसतं, तेच मला बघायचंय.