वाढप्याची दक्षिणा

नोएडात नोकरी लागली आणि पहिल्या पगारात मी आईबाबांना बाहेर जेवायला नेलं. तिथल्या नव्या सेक्टरांत तेव्हा नुकतीच एसी रेस्टॉरंटं उघडत होती, आणि मला माझा तोरा मिरवायची घाई झाली होती. दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमधून दोन बसगाड्या बदलून आम्ही पोचलो.

वेटर फार प्रेमळ होता. बाबांची रोटी गार झालेली दिसली की न सांगता दुसरी आणायचा. बिल आलं तशी मी ऐटीत बडीशेपेशेजारी दहाची नोट ठेवली. बाबांनी ती उचलून माझ्या पर्समध्ये परत घातली.

बाबा कंजूस मुळीच नव्हते. ते पहाडगंजच्या आमच्या मराठी गणेशोत्सवातले हौशी वाढपी होते. वर्षभर ऑफिसात फायलींवर शेरे मारणारा हा माणूस महाप्रसादाच्या दिवशी कमरेला पंचा बांधून पंगतीत असा फिरायचा की बघत राहावं. त्यांचं म्हणणं ठाम होतं. वाढणाऱ्याच्या हातावर पैसे ठेवले की तो चाकर होतो. शिवाय आपल्यात दक्षिणा जेवणाऱ्याला देतात, वाढणाऱ्याला नाही. आई म्हणाली, आपलं घर महागाई भत्त्यावर चालतं, त्याचं या दहा-दहा रुपयांवर चालत असेल. बाबा ढिम्म. मी मात्र लाजेनं अर्धी झाले होते, कारण माझं ऑफिस समोरच्याच इमारतीत होतं.

जाताना बाबांनी वेटरला गाठलं आणि महाप्रसादाला यायचं आग्रहाचं आमंत्रण दिलं. म्हटलं, झालं! आता इथे पुन्हा तोंड दाखवायची सोय राहिली नाही.

पण तो आला. ड्यूटी बदलून, इस्त्रीचा शर्ट घालून आला. बाबांनी त्याला पंगतीत बसवलं. बिचारा सवयीनं उठून शेजाऱ्यांना पाणी द्यायला निघाला, तेव्हा त्यांनी खांदे धरून त्याला खाली बसवलं. मग मसालेभात झाला, मठ्ठा झाला, जिलबीचा आग्रह सुरू झाला. शेवटी त्यानं ताटावर दोन्ही हात आडवे धरले, तर बाबांनी बोटांच्या फटीतून आणखी एक जिलबी सरकवली.

हात धुऊन तो बाबांकडे आला आणि त्यांच्या मुठीत दहाची नोट दाबली.

"मना मत कीजिए साहब," तो म्हणाला. "घर छोड़ने के बाद किसी ने ऐसे बैठाकर नहीं खिलाया."

मला वाटलं, आता बाबा नोट परत करणार आणि त्याचं तोंड एवढंसं होणार. बाबा नोटेकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी ती कपाळाला लावली, खिशात ठेवली आणि बादली उचलून पुन्हा पंगतीत शिरले. उरलेल्यांना त्यांनी इतक्या उत्साहानं वाढलं की जिलब्या कमी पडल्या.

परतताना बसमध्ये आईनं विचारलंच, चाकर झाल्यासारखं वाटलं का.

"नाही गं," बाबा म्हणाले. "लहानपणी कुणी शाबासकी दिली की वाटायचं, तसं वाटलं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पुढच्या रविवारी नोएडाला जाऊ. या वेळी नोट मी ठेवणार."