मावशीने धुतलेलं हाड

प्रयोगशाळेत सगळे तिला मावशी म्हणायचे, अगदी तिच्याहून दोन वर्षांनी मोठे असलेले साहेबसुद्धा. काम काय, तर हाडं धुणं! जमिनीतून निघालेलं हाड, लाकूड, कोळसा, जे काही येईल ते आधी तिच्या टेबलावर. ब्लेडने खरवडायचं, अ‍ॅसिडात बुडवायचं, मग अल्कलीत, परत अ‍ॅसिडात, आणि शेवटी पाण्याने धू धू धुवायचं. आजकालचा मळ निघाला पाहिजे आणि जुना कार्बन तेवढा उरला पाहिजे. जीव गेला की त्यातला किरणोत्सारी कार्बन हळूहळू कमी होत जातो. किती उरलाय ते वरच्या मजल्यावरचं मशीन मोजतं आणि वय सांगतं. कुणी हाताला क्रीम लावून आलं, की मावशी दारातच अडवायची. "आधी हात धुवा, नाहीतर मशीन तुमचंच वय सांगेल!"

नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ती बजावायची, "मशीन बोलल्याशिवाय आपण तोंड उघडायचं नाही." सव्वीस वर्षांत तिने हा नियम मोडला नव्हता. आणि मोडला तो कुठे, तर स्वतःच्या घरात.

झालं असं, की पोलिसांकडून एक हाड आलं. दगडाच्या बंद पडलेल्या खाणीतलं पाणी उपसताना गाळात मिळालेलं, डाव्या हाताचं. बाकी काहीच सापडलं नव्हतं. हे आत्ताच्या माणसाचं की फार जुनं, एवढंच त्यांना हवं होतं. खाणीचं नाव ऐकलं आणि मावशीने हातातलं ब्लेड खाली ठेवलं. एकतीस वर्षांपूर्वी तिचा धाकटा भाऊ घरातून निघाला तो आलाच नाही. सायकल तेवढी त्याच खाणीच्या काठावर सापडली होती.

तिने खरवडायला घेतलं. मनगटाच्या वर चार बोटांवर ब्लेड अडखळलं. तिथे गाठ होती, मोडून सांधलेल्या हाडाची. भाऊ आठ वर्षांचा असताना पत्र्यावरून पडला होता, डाव्या हातावरच.

अहो, हात कुणाचा मोडत नाही? तिला का ते कळत नव्हतं? पण तिच्या डोळ्यांपुढे प्लॅस्टरमधला तो हात आला आणि जाईचना. तिने ते हाड ठरल्यापेक्षा जास्त वेळ पाण्याखाली धरलं. संध्याकाळी घरी गेली आणि चपला काढायच्या आधीच आईला म्हणाली, "आई, सापडला गं तो. मीच धुतला."

ब्याऐंशी वर्षांची म्हातारी ऊर फुटेस्तोवर रडली. आणि मग बघता बघता बदलली. आता रात्रभर गाढ झोपायची. त्याचे शर्ट, जे हात लावू देत नव्हती, ते स्वतः बांधून देऊन टाकले. तीन आठवडे घरात असं शांत वाटत होतं की मावशीलाच भीती वाटायची.

मग मशीनवाला खाली आला, खुशीत. "मावशी, तुमचं ते खाणीतलं हाड! सहाशे वर्षांचं निघालं की!"

"नीट बघितलंस?"

"दोनदा चालवलं. तुम्ही इतकं स्वच्छ धुतलेलं, चूक कुठून होणार?"

खरं तर तिने सुटकेचा श्वास टाकायला हवा होता. भाऊ कदाचित जिवंत असेल, कुठेतरी संसार थाटून बसला असेल. पण तिला राग आला. मेला का नाहीस, असं मनात आलं आणि तिची तिलाच शिसारी आली. ती मोरीपाशी उभी राहून रडली. एकदा हरवलेला भाऊ आज दुसऱ्यांदा हरवला होता, आणि या वेळी तो तिच्या एकटीचाच हरवला होता.

घरी आई कपड्यांच्या घड्या घालत बसली होती.

"आला का गं मशीनचा निकाल?"

मावशीने पदराने तोंड पुसलं. "आला."

"तोच ना?"

"तोच, आई."

आईने मान हलवली. एक घडी घालून झाली, दुसरी घेतली. मग हात थांबवून तिने हळूच विचारलं, "तू घासलंस तेव्हा दुखलं नसेल ना गं त्याला?"

"नाही आई," मावशी म्हणाली. "अगदी हलक्या हाताने धुतलं."